कपडा न धुता पाठवा

त्या बाईला सगळ्याचीच किळस यायची. बसच्या दांड्याची, लिफ्टच्या बटणाची, परक्या घरातल्या ग्लासच्या कडेची. शेजारी कुणी शिंकलं की ती श्वास रोखून मनातल्या मनात वीस आकडे मोजायची. दिवसातून पन्नास वेळा तिच्या तोंडून ‘शी!’ निघायचं, म्हणून लग्न होऊन आली त्याच महिन्यात नवऱ्याने तिचं नाव शीबाई ठेवलं, आणि ते घरात, बिल्डिंगमध्ये, कामावर असं चिकटलं की तिचं खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं. आता अशा बाईच्या वाट्याला कोणता धंदा यावा? लोकांचे घामट, कळकट, न धुतलेले कपडे टपालाने मागवायचा! बरं, तो कुणी तिच्या गळ्यात मारला नव्हता. तिचा तिनेच काढला होता, आणि तो असा काही चालला होता की आता बंद करते म्हटलं तरी कुणी करू दिला नसता.

त्याचं असं झालं. शीबाई आधी बाजारातल्या एका कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. पँट आखूड करायची, चेन बदलायची, लग्नाआधी शिवलेला कोट लग्नानंतर सैल करून द्यायचा. मुलगी चौदा महिन्यांची झाल्यावर ती पुन्हा कामावर जायला लागली आणि घरात दुपारचा तमाशा सुरू झाला. पोरगी काही केल्या झोपेना. सासूबाईंनी तिला खांद्यावर टाकून फेऱ्या मारल्या, गाणी म्हटली, मांडी बधिर होईपर्यंत झुलवलं आणि शेवटी हात टेकले. एक दिवस दुकानातली वीज गेली म्हणून शीबाई दुपारीच घरी आली, तर घर चिडीचूप. सासूबाई भिंतीला टेकून पेंगत होत्या आणि पोरगी धुण्याच्या टोपलीत झोपली होती. टोपलीत! खाली बापाचे मोजे, शेजारी ओला टॉवेल, आणि तोंडावर ओढून घेतलेला शीबाईचा तीन दिवस घातलेला गाऊन.

शीबाईने बिल्डिंग गोळा होईल अशी किंकाळी फोडली, पोरीला उचललं आणि साबणाने दोनदा आंघोळ घातली. पोरगी संध्याकाळपर्यंत रडत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने तोच गाऊन स्वच्छ धुऊन, इस्त्री करून पोरीजवळ ठेवला. पोरीने तो हुंगला आणि भिरकावून दिला. तेव्हा कुठे बाईच्या डोक्यात प्रकाश पडला. पोरीला गाऊन नको होता, आई हवी होती, आणि आईचं जे काही त्या गाऊनमध्ये होतं ते साबणाबरोबर मोरीत गेलं होतं. मग तिने नाक मुरडत आपल्याच दुसऱ्या, न धुतलेल्या गाऊनचा गळ्याकडचा तुकडा कापला, त्याचं पोट शिवून त्यात कापूस भरला आणि वर नव्या कापडाचं डोकं आणि दोन लांब कान लावले. ससा झाला. दुपारी पोरीने सशाच्या पोटात नाक खुपसलं आणि दोन तास गाढ झोपली.

असली बातमी बायकांमध्ये पसरायला वेळ लागत नाही. दुकानात चेन बदलायला आलेल्या एका नर्सने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून स्वतःचा गाऊन घेऊन हजर झाली. नर्सने तिच्या बहिणीला सांगितलं, बहिणीने तिच्या ऑफिसला. सहा महिन्यांत शीबाईने दुकान सोडलं. नवरा छापखान्यात कामाला. माणूस वाईट नव्हता, पण जगातलं सगळंच त्याला छापण्याजोगं वाटायचं. त्याने सशाचं नाव ‘कुशी’ ठेवलं, गुलाबी कार्ड छापलं, त्यावर ‘आई कामावर, बाळ कुशीत’ असं वळणदार अक्षरात टाकलं. कार्डाच्या मागे शीबाईने स्वतः सांगून तीन ओळी घालून घेतल्या. कपडा सुती असावा. तीन दिवस अंगात घातलेला असावा, अत्तर लावू नये. कपडा न धुता पाठवा.

आणि लोक पाठवायला लागले! मागच्या खोलीत खिडकीला लागून शिलाई मशीन, त्याच्या डाव्या हाताला पत्र्याचं कपाट, आणि कपाटात नंबर टाकलेल्या प्लॅस्टिकच्या बंद पिशव्या. सकाळी नऊला ती तोंडाला फडकं बांधून खोलीत शिरायची. प्रत्येक कपडा आधी तासभर खिडकीतल्या दांडीवर टांगायचा, कारण प्लॅस्टिकचा वास राहिला तर पोरं ससा फेकून देतात. तो तास म्हणजे शिक्षा. आंबलेल्या दुधाचे गाऊन यायचे. तेलकट गळपट्टीचे शर्ट यायचे. एका हौशी बापाने व्यायामाचा बनियन पाठवला, तो पिशवीतून काढल्यावर स्वतःच्या पायावर उभा राहिला असता. एकीने चक्क आतले कपडे पाठवले आणि वर चिठ्ठी, ‘यात वास जास्त चांगला राहतो ना, ताई?’ शीबाई त्या दिवशी जेवली नाही.

वासाहून जास्त किळस तिला माणसांची यायची. नाक असं तिखट की कपडा हुंगला की घरातलं सगळं कळायचं. कोण चोरून सिगारेट ओढतं, कोण चार दिवस आंघोळ करत नाही, कोण मुलाला आपला वास हवा म्हणते आणि घरात पाऊल टाकताच सेंट फवारते. एका बाईसाहेबांनी सलग तीन गाऊन पाठवले. तिन्ही कोरे करकरीत, तासभरही अंगात न घातलेले. फोन केला तर म्हणाल्या, “अहो, मला स्वतःचाच वास सहन होत नाही. तुमच्याकडे साधारण आईसारखा असा तयार नाही का मिळणार?” शीबाईने फोन ठेवला आणि हात धुतले.

आणि ती प्रेमपत्रं! ‘ताई, तुमच्या हातात जादू आहे.’ ‘ताई, तुम्ही आमच्या घरच्याच.’ नवरा ती रात्री जेवताना मोठ्याने वाचायचा आणि निवडक छापायला न्यायचा. शीबाई ताट बाजूला सारायची. ज्यांचा घाम आपण दिवसभर हुंगला त्यांनी वरून गळ्यात पडावं, हे तिला फार होत होतं.

घरात आणखी एक माणूस या धंद्यावर नाराज होतं, ते म्हणजे सासूबाई. त्यांना किळस नव्हती, त्यांना स्वच्छतेचं वेड होतं, आणि ते जास्त भयंकर. घरात मळका कपडा साचता कामा नये, हा त्यांचा कायदा. गॅलरीत धुण्याचं मशीन, मशीनजवळ बादली, आणि गॅलरीत जे दिसेल ते धुवायचं, मग ते कुणाचंही असो. शेजाऱ्यांचं वाऱ्याने उडून आलेलं पायपुसणं त्यांनी धुऊन, वाळवून, घडी घालून परत दिलं होतं. मागच्या खोलीतल्या कपड्यांना हात लावायचा नाही, एवढं सुनेने त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं आणि तीन वर्षं त्यांनी तो शब्द पाळला होता. खोलीवरून जाताना मात्र त्या ऐकू जाईल इतपत म्हणायच्या, “घर आहे का उकिरडा!”

अशात एका मंगळवारी सकाळी मीटरवाला आला. विजेचे मीटर वाचत दारोदार फिरणारा माणूस, खिशाला पेन, हातात वही. शीबाईला वाटलं रीडिंग घ्यायला आला, म्हणून तिने जिन्याकडे बोट दाखवलं. तो हलेना.

“ताई, तुमचं काम आहे,” तो म्हणाला. “ते सशाचं.”

त्याने काखेतली पिशवी पुढे केली. हॉस्पिटलची पिशवी होती, तोंडाला तीन गाठी मारलेली.

“माझी बायको गेली. सव्वा महिना झाला. मुलगी दीड वर्षाची आहे, दुपारी झोपत नाही. दाराशी जाऊन उभी राहते. माझी बहीण आली होती मदतीला, तिने बिचारीने सगळं घर आवरलं, कपाटातला कपडा न् कपडा धुऊन ठेवला. हा तेवढा हॉस्पिटलच्या सामानात राहिला होता, म्हणून वाचला.”

“दुसरं काहीच नाही? उशीचा अभ्रा, चादर?”

“काही नाही. न धुतलेलं असं तिचं एवढंच आहे.”

शीबाईने पिशवी घेतली आणि “होईल” म्हणाली. तो गेला तरी तो बोलला ते कानातून जाईना. तिने फडकं बांधलं, गाठी सोडल्या, गाऊन बाहेर काढला आणि दोन पावलं मागे सरकली.

तसा वास तिने आजवर घेतला नव्हता. औषधं, स्पिरिट, आजारी अंगाचा आंबूस घाम, आणि पुढच्या बाजूला वाळलेला पिवळट डाग. कुणीतरी त्या गाऊनमध्ये बरेच दिवस झोपून होतं आणि त्यातच ओकलं होतं. त्या सगळ्याच्या खाली त्या बाईचा स्वतःचा वास असेलही, पण तो शोधायला शीबाई थांबलीच नाही. हात आपोआप लांब गेला. तो गाऊन खिडकीतल्या दांडीवर टांगून त्याच खोलीत तासभर बसायचं तिच्याने होईना. तिने तो दोन बोटांत धरला, गॅलरीत नेऊन दोरीवर टाकला आणि तासाभराने आत घेऊ म्हणून दार लावून घेतलं. मग तिने हात धुतले, कोपरापर्यंत. तेवढ्यात बालवाडी सुटायची वेळ झाली आणि ती पोरीला आणायला गेली.

परत आली तर गॅलरीतून फुलांचा वास येत होता. पावडरच्या पाकिटावर जी फुलं असतात ना, त्यांचा.

गाऊन दोरीवर पांढराशुभ्र होऊन ठिबकत होता. सासूबाई शेजारी उभ्या, हात पुसत, विजयी.

“काय गं बाई, कुणाचा होता हा? किती घाण! दोनदा पावडर टाकली, डाग तर ब्रशने घासला. बघ आता, नव्यासारखा झाला.”

शीबाईने पुढे होऊन ओला गाऊन तोंडाशी धरला. फुलं. नुसती फुलं. तिने आतली बाजू उलटवून हुंगली, काख हुंगली, गळपट्टीच्या शिवणीत नाक घातलं. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या तरी घामाचा वास यावा म्हणून धडपडत होती.

“आई, हा त्या बाईचा शेवटचा होता,” ती म्हणाली.

“कुठल्या बाईचा?”

“मेली ती. तिच्या पोरीसाठी होता.”

सासूबाईंचे हात जागच्या जागी थांबले. “मला काय माहीत,” त्या म्हणाल्या. “गॅलरीत होता. खोलीतल्याला मी कधी हात लावते का? गॅलरीत कुणी टाकला?”

खोलीत असता तर वाचला असता. शीबाईच्या नाकाला सोसला नाही म्हणून तो गॅलरीत गेला होता.

संध्याकाळी नवरा आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, खुर्चीवर बसून बूट काढले आणि अगदी सहज म्हणाला, “मग तूच घाल ना.”

“काय?”

“गाऊन. तीन दिवस घाल. बाईचा वास तो बाईचा वास. दीड वर्षाच्या पोराला काय कळतंय कुणाचा ते?”

“शी! अरे, तुला काही लाज?”

“हे बघ, त्याला खरं सांगितलंस तर त्याला काय मिळणार आहे? धुतलेला गाऊन आणि आयुष्यभराची चुटपुट. असं केलं तर निदान पोरगी झोपेल. तू सांग, कशात पाप कमी?”

शीबाईला त्याची इतकी किळस आली की ती त्या रात्री पोरीच्या खोलीत जाऊन झोपली. हा माणूस, याच्या ताटातलं आपण खातो, याच्या पोरीला आपण जन्म दिला, आणि हा कुणाच्या मेलेल्या बायकोबद्दल असं बोलतो, जसं काही कार्डावरचा शाईचा रंग बदलायचा आहे.

सकाळी तिने खरं सांगायचं ठरवून फोन लावला. पहिल्याच घंटीला मीटरवाल्याने उचलला.

“झालं का, ताई?” तो म्हणाला. मागे एक पोर किरकिरत होतं. “घाई नाही हो. मी आपलं तिला सांगितलंय, आई येणार आहे म्हणून. कळत नाही तिला, पण सांगितलं. जरा बरं वाटलं मलाच.”

शीबाईने तोंड उघडलं. “चार दिवसांत देते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. जे तोंडातून निघालं त्याचीही तिला किळस आली.

गाऊन वाळला होता. तिने तो घातला.

तो तिला दोन बोटं लांब होता. डावा खांदा कधीतरी उसवला होता आणि कुणीतरी हाताने शिवला होता, आखूड, घाईचे टाके, धागा वेगळ्या रंगाचा. स्वतःच शिवला असेल तिने, पोरगी उठायच्या आत. शीबाईचं नेहमीचं शिवणकामाचं डोकं म्हणालं, हे उसवून नीट करायला हवं. तिने हात लावला नाही.

कार्डावर लिहिलं होतं ते सगळं तिने पाळलं. सुती कपडा, तीन दिवस अंगात, अत्तर नाही. साबणही सोडला, नुसत्या पाण्याने आंघोळ. खोटं काम करतानाही ही बाई नियमाला इतकी पक्की! तीन दिवस ती त्या गाऊनमध्ये मशीनवर बसली, त्यातच जेवली, त्यातच झोपली. तिच्या मानेला घाम आला की वाटायचं, आपण त्या बाईला थेंबाथेंबाने पुसून टाकतोय. अंगावर शहारा यायचा, पण किळस मात्र यायची नाही, आणि हे सगळ्यात वाईट होतं. तिसऱ्या दिवशी गाऊनला अगदी तिच्यासारखाच वास यायला लागला आणि तो तिला कळेनासा झाला.

तिची पोरगी आता चार वर्षांची होती. तिने विचारलं, “आई, हा कुणाचा गाऊन?”

“गिऱ्हाइकाचा.”

“मग तू का घातलास?”

“पोळ्या जळतील, जा, आजीला सांग गॅस बंद कर,” शीबाई म्हणाली. गॅस पेटलेलाच नव्हता.

सासूबाईंनी तीन दिवस तो गाऊन पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. एवढंच झालं की त्या दिवसापासून त्या काहीही धुवायच्या आधी विचारायला लागल्या. रुमाल हातात धरून दारात उभ्या राहायच्या. “हा धुऊ ना?” मोजे धरून, “हे कुणाचे नाहीत ना?” पूर्वी हे ऐकून शीबाई हसली असती. आता तिला त्यांचा राग यायचा, मग त्या पाठमोऱ्या झाल्या की स्वतःचा.

ससा तिने असा शिवला की तसा कधी शिवला नव्हता. कान दुहेरी, टाके बारीक, पोटाची शिवण आतून दोनदा. खांद्याचा तो वेगळ्या धाग्याचा तुकडा तिने मुद्दाम पोटावर समोर घेतला. निदान तेवढं तरी त्या बाईचं खरं होतं.

ससा घेऊन गेल्यावर तीन दिवसांनी मीटरवाल्याचा निरोप आला. ‘ताई, काल दुपारी पोरगी अडीच तास झोपली. उठली आणि हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा. तिची आई तुम्ही तिला परत दिलीत. तुमचे उपकार मी कसे फेडू.’

नवऱ्याचे डोळे खरोखर भरून आले. “बघ!” तो म्हणाला. “मी सांगितलं नव्हतं?” आणि दुसऱ्या दिवशी तो निरोप त्याने कार्डावर छापला. नाव गाळलं, बाकी शब्द न् शब्द तसाच. त्याच्या भोवती नाजूक वेलबुट्टी काढली.

त्या कार्डाने कहर केला. कपाट भरलं, कपाटाखालची जागा भरली, पलंगाखाली पिशव्या गेल्या. लोक आधी रडत फोन करायचे आणि मग कपडे पाठवायचे. शीबाई कार्ड पालथं घालून ठेवायची, नवरा ते उताणं करून ठेवायचा. ती कपडे हुंगेनाशी झाली. डोळे मिटून कापायची, शिवायची, भरायची. पूर्वी तिला लोकांची किळस यायची त्यात एक ऐट होती. आपण स्वच्छ, लोक घाणेरडे. ती ऐट पार उतरली. कुणाचाही कसलाही कपडा समोर आला तरी तिला वाटायचं, हा माझ्याहून बरा आहे. दोनदा तिने मीटरवाल्याला फोन लावला आणि दोन्ही वेळा घंटी वाजायच्या आत तोडला.

आणि एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास तो दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, एका हातात सफरचंदांची पिशवी, दुसऱ्या हातावर पोरगी. पोरीने बापाच्या खांद्यात तोंड खुपसलेलं, मुठीत सशाचा कान. ससा चांगलाच मळला होता. नवरा पार्सलं टाकायला बाहेर गेला होता, मुलगी त्याच्याबरोबर. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या.

“म्हटलं तुम्हाला दाखवावी,” मीटरवाला म्हणाला. “या सशाशिवाय पाऊल टाकत नाही. मी स्वतः अजून हुंगला नाही हो तो, हिंमत होत नाही. पण तिला पुरतो.”

“बसा ना,” शीबाई म्हणाली.

“हिचं काही मनावर घेऊ नका. कुणाकडे जात नाही. माझ्या बहिणीकडेसुद्धा नाही, हात लावला की रडते.”

त्याने सफरचंदांची पिशवी पुढे केली. ती घ्यायला शीबाई जवळ गेली आणि पोरीने मान वर केली. नाक जरासं हललं. तिने शीबाईकडे पाहिलंही नाही, नुसते दोन्ही हात पुढे टाकले आणि बापाच्या हातावरून अंग झोकून दिलं. शीबाईने झेललं नसतं तर पोरगी खाली पडली असती.

“अरे!” मीटरवाला आनंदाने ओरडला. “बघा बघा! माणसं ओळखते!”

पोरीने शीबाईच्या मानेत नाक खुपसलं, कानाच्या खाली, केसांच्या आत. एका हाताने गळपट्टी घट्ट धरली. दुसऱ्या मुठीतला ससा सुटून जमिनीवर पडला आणि तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. एक लांब उसासा टाकला, आणि शीबाईला तिचं सगळं अंग हळूहळू जड होताना जाणवलं. भर सकाळी, परक्या घरात, उभ्या उभ्या पोरगी झोपली.

“अशी तर ती फक्त…” मीटरवाला हसत म्हणाला, आणि थांबला.

तो खाली वाकला. ससा उचलला. पोटावरचे ते आखूड टाके त्याने अंगठ्याने चाचपले. मग त्याने ससा नाकाशी धरला, एकदा, आणि पुन्हा एकदा, जास्त वेळ. मान वर केली तेव्हा चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

“ताई, हा तिचा वास नाही.”

शीबाईने काही बनवून सांगितलं नाही. “नाही,” ती म्हणाली. “तुमचा गाऊन धुतला गेला. माझ्यामुळे. मला तो वास सहन झाला नाही, मी बाहेर टाकला आणि तो धुतला गेला. मग मी तो तीन दिवस घातला.”

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या होत्या. “धुतला मी,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातांनी. हिचं नाव नका घेऊ.” मीटरवाल्याने ग्लासकडे पाहिलं, घेतला नाही.

त्याने पोरीला घ्यायला हात पुढे केले. पोरीने झोपेतच गळपट्टी आणखी घट्ट धरली. त्याने एक बोट सोडवलं, दुसरं सोडवलं, आणि तिसऱ्याला तो थांबला. पोरीच्या तोंडाचा कोपरा उघडा होता, त्यातून शीबाईच्या मानेवर लाळ ओघळत होती. तो शीबाईकडे पाहायला लागला. तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या तर ती उभी राहून ऐकून घेणार होती. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला तिची किळस आली होती, ओठ वाकडे होईपर्यंत, आणि त्याची पोरगी तिच्या अंगावर होती.

“बसा खाली,” तो म्हणाला. “उठेल ती.”

शीबाई तिथल्याच स्टुलावर बसली. तो समोरच्या खुर्चीवर, मांडीवर ससा. सव्वा तास पोरगी तशीच झोपून राहिली. सासूबाई आत जाऊन नळ न सोडता नुसत्याच ओट्यापाशी उभ्या राहिल्या. शीबाईचा हात खांद्यापासून बधिर झाला, लाळेने गळपट्टी भिजली, पण ती हलली नाही.

पोरगी उठली ती हसत. बापाने तिला अलगद काढून घेतलं. ती वळून वळून शीबाईकडे हात करत राहिली आणि रडायला लागली, तेव्हा त्याने ससा तिच्या हातात दिला. तिने तो नाकाशी नेला आणि गप्प झाली. तो दारापर्यंत गेला. दार उघडलं, आणि तसाच पाठमोरा उभा राहिला.

“याचा वास किती दिवस टिकतो?” त्याने विचारलं.

“दीड महिना,” शीबाई म्हणाली. “फार तर दोन.”

त्याने मान हलवली. पोरीला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं.

“मग दीड महिन्याने येतो,” तो म्हणाला. “कापड तुमचंच घ्या.”